आभाळ वजा करून

हनीफ पेंटरने उभ्या आयुष्यात चित्राचा म्हणून एक रुपया कुणाकडून घेतला नव्हता. तुम्ही म्हणाल, वा, काय मोठ्या मनाचा माणूस! कसलं मोठं मन घेऊन बसलात? त्याच्या बापाने त्याला तसं शिकवलं होतं, आणि बापाचं सगळंच ऐकणारी पोरं कधीकधी अशी फसतात.

धुळ्यात पाच कंदील चौकामागच्या गल्लीत त्याची खोली आहे. दोन शिड्या, रंगाचे डबे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या पाट्या. बाप उस्मान पेंटर, तोही याच खोलीत पाट्या रंगवायचा. त्याचा नियम असा, की पैसे घ्यायचे ते अक्षराचे. एका अक्षराचे इतके, काना-मात्रा त्यातच आली. भिंतीवरची जाहिरात असेल तर फुटावर. पण पाटीच्या कोपऱ्यात गणपती हवा, गुलाब हवा, दूधवाल्याला म्हैस हवी, तर ते वरचं. भाजी घेतली की बाई मूठभर कोथिंबीर टाकायला लावते ना, तसं. "हात अल्लाने दिलाय, त्याचा भाव करायचा नसतो," असं उस्मानमियां म्हणायचे. अक्षरं शिकावी लागतात म्हणून त्यांचे पैसे, आणि चित्र आपोआप येतं म्हणून ते फुकट! आता यावर काय बोलणार? अहो, हनीफची म्हैस बघायला लोक सायकली थांबवायचे. देवपुरातला एक दूधवाला तर म्हणायचा, "हनीफभाई, तुमच्या म्हशीने माझं गिऱ्हाईक दुप्पट केलं." म्हणायचा, आणि पैसे मोजायचा 'ताजे दूध' या चार अक्षरांचे. हनीफ सलाम करून घरी यायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं.

मग फ्लेक्स आला. कानामागून आला आणि तिखट झाला. जी पाटी रंगवायला हनीफला दोन दिवस लागायचे, ती यंत्रातून पाच मिनिटांत बाहेर पडायला लागली. अक्षरांचा धंदा बसला तो बसलाच. हनीफ गाड्यांचे नंबर घालू लागला, शाळांच्या भिंतींवर पाढे लिहू लागला, एक वर्षभर तर त्याने नुसत्या पाण्याच्या टाक्यांवर तारखा टाकल्या.

आणि आता दिवस पुन्हा फिरलेत. लोकांना हाताने काढलेलं हवंय. पण अक्षरं नकोत, चित्रं हवीत. हॉटेलात, दवाखान्यात, बंगल्याच्या जिन्यात, सगळीकडे भिंतभर चित्रं. म्हणजे बघा, जे जन्मभर विकलं ते कुणाला नको आणि जे फुकट वाटलं त्यालाच गिऱ्हाईक. फक्त त्याचा भाव काय, हे हनीफला माहीत नव्हतं. असणार तरी कुठून?

हनीफला एकच मुलगी, नौशीन. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केलेली, आणि माणसं काढण्यात बापापेक्षा वरचढ. हे हनीफ स्वतःच सगळ्यांना सांगायचा. ती एका इंग्लिश मीडियम शाळेत महिना सात हजारावर चित्रकला शिकवायची. यंदा शाळेने तिच्यापुढे तीन वर्षांचा करार ठेवला होता: पगार तोच, मधे सोडलं तर दंड, शिवाय बाहेरची कामं बंद. एक मेपर्यंत सही हवी होती. हनीफची बायको रईसा म्हणायची, "कर बाई सही. शाळा कधी बुडत नाही." नौशीनने बापाला वेगळंच सांगितलं. "अब्बा, एक मोठी भिंत नीट भावात गेली, तर मी सही करत नाही. आपण दोघं मिळून भिंतीच करू. नाही गेली, तर मग शाळा."

त्या दिवसापासून हनीफला दुसरं काही सुचेना. आपल्यानंतर या खोलीतल्या शिड्या भंगारात जाणार असं तो धरूनच चालला होता. आता पोर स्वतःहून म्हणत होती की शिड्या मी चढते. त्यासाठी फक्त एक भिंत हवी होती.

भिंत आली. शिंदखेड्याच्या फाट्यावर हितेंद्र देसले नावाच्या माणसाने मोठं हॉटेल बांधलं होतं. खान्देशी जेवण, बसायला बाजा, पाळणे, बाहेर रंगवलेली बैलगाडी, सगळा थाट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन. आत शिरल्या शिरल्या समोर चोवीस फूट लांब, नऊ फूट उंच कोरी भिंत होती, एका कडेला तेवढी खिडकी. तिथे त्याला त्याची आई हवी होती: अंगणात चुलीवर पालथं मातीचं खापर, आणि दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा फिरवून मोठा करत असलेली आई, धुरपदाबाई. तिनेच लग्नाकार्यात मांडे करून या पोराला शिकवलं होतं. "लोकांनी त्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढले पाहिजेत, काका," हितेंद्र म्हणाला.

नौशीनने घरी बसून भाव काढला. अठ्ठावीस दिवस, दोन माणसं. धुळ्यात चांगला गवंडी बाराशे रोज घेतो, तर आपणही बाराशेच धरू, जास्त नको. रंग अकरा हजारांचे. जायला-यायला पेट्रोल. आधी कागदावर काढून दाखवायच्या नमुन्यांचे तीन हजार. सगळे मिळून चौऱ्याऐंशी हजार. आकडा ऐकून हनीफला घाम फुटला.

"अब्बा, यात चोरी कुठली आहे ते दाखवा," नौशीन म्हणाली.

चोरी कुठेच नव्हती. मग तिने त्याला शिकवलं, की आकडा बोलायचा आणि तोंड मिटायचं. पुढे एक शब्द बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. हनीफने रईसासमोर बसून तीनदा तालीम केली. "चौऱ्याऐंशी हजार," असं म्हणून तो ओठ आवळून बसायचा आणि रईसाला हसू आवरायचं नाही.

आणि तिथे गेल्यावर काय झालं? हितेंद्रने विचारलं, "काका, किती घ्याल?" हनीफ म्हणाला, "चौऱ्याऐंशी हजार." तोंड मिटलं. हितेंद्र काहीच बोलला नाही. नुसता बघत राहिला, मग पोऱ्याला चहा सांगितला, मग पुन्हा बघत राहिला. व्यापारी माणूस तो, गप्प बसायची तालीम त्याला कुणी द्यायला नको. हनीफची जीभ आत वळवळायला लागली. शेवटी सुटलीच. "म्हणजे हिशेबाने तेवढं होतं, शेठ. पण तुम्ही काय परके आहात? तुम्हीच समजून द्या."

समजून द्या! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. डॉक्टर कधी म्हणतो का, समजून द्या? पेट्रोल पंपावर कुणी म्हणतं का? हे वाक्य फक्त ज्याच्या हातात कला आहे त्याच्याच तोंडी असतं, आणि समोरचा लगेच सगळं समजतो. बाजूला बसलेल्या नौशीनने मान खाली घातली. हितेंद्रचा चेहरा मात्र खुलला. "काका, तुम्ही काळजीच सोडा. घरचंच काम आहे. आणि एवढी मोठी भिंत! तुमचं नाव होईल, पन्नास कामं येतील." नाव होईल म्हणे. नावाची काय भाजी करायची?

परतताना नौशीनने नरडाणा गावात स्कूटी थांबवली. मग म्हणाली, "अॅडव्हान्स तरी मागायचा होता." तोही मागितला नव्हता. रंगाचे अकरा हजार रईसाने ठेवलेल्या पैशांतून गेले.

तरीही चित्र काढायला बसल्यावर दोघं सगळं विसरली, हा त्यांचा आणखी एक गुन्हा. नौशीनने बिनपगारी रजा काढली होती. त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली दोघं सकाळी आठपासून उभी. नौशीनने हात आणि चेहरा घेतला, हनीफने अंगण, चूल, धूर आणि आभाळ. त्या आभाळाने त्याला रडवलं. आखाजीच्या दिवसांतलं खान्देशातलं आभाळ निळं नसतंच हो. त्यात धूळ असते, ऊन असतं, कडेला फिकट पिवळं आणि वर गेलं की राखेसारखं. एक ढग नाही की एक पाखरू नाही, लपवायला जागाच नाही. ब्रशचा एक फटकारा चुकला तरी दिसणार. वरचे तीन फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिडीवर मान वर करून हनीफने रंगाचे पाच हात दिले. सहा दिवस गेले. मानेला बाम लावून तो झोपायचा.

धुरपदाबाई रोज दुपारी यायची आणि खाली चटई टाकून बसायची. बहात्तर वर्षांची बाई, पण हात अजून भक्कम. नौशीन तिच्या हातांकडे बघून काढायची. पहिल्यांदा भिंतीवर ते हात उमटले तेव्हा म्हातारी उठून जवळ गेली. "ह्या मनाच हात शेतस ना, भाऊ?" तिने हनीफला विचारलं. "तुमचेच, अक्का," हनीफ म्हणाला. तिने पदराने डोळे पुसले. मग सहज विचारलं, पैसे किती ठरले? हनीफ म्हणाला, शेठ समजून देतील.

म्हातारी हसली नाही. "मी पंचेचाळीस वरीस मांडा करात, भाऊ. खापर चुलीवर चढाना पह्यले पैसा बोलस. खापर तपनं का मंग लोके ऐकतस नही." खापर चुलीवर चढायच्या आधी पैसे बोलायचे, एकदा तापलं की लोक ऐकत नाहीत. आपल्याच पोराबद्दल ती हे बोलत होती, आणि हनीफला ते कळलं. पण त्याचं खापर कधीच तापून लाल झालं होतं.

आखाजीचा दिवस उजाडला. दहाला उद्घाटन. मांडव, सनई, गावोगावचे पाहुणे, आणि सगळे त्या भिंतीपुढे रांग लावून फोटो काढत होते. तिथे बाजूला पाटीही लावली होती, फ्लेक्सचीच, 'इथे फोटो काढा'. मांडे-आमरसाचं ताट साडेतीनशे रुपये, ठळक आकड्यात, आणि त्याखाली कुठेही 'समजून द्या' असं लिहिलेलं नव्हतं. हितेंद्रने माईकवरून नाव पुकारलं. "आपल्या धुळ्याचे थोर कलावंत, हनीफकाका!" शाल, श्रीफळ, टोपी, टाळ्या. आणि एक पाकीट. हनीफचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत त्याला कुणी शाल दिली नव्हती. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला पैशांची आठवणसुद्धा नव्हती.

पाकीट चारचौघांत फोडत नाहीत. दोघं पाण्याच्या टाकीमागे गेली. आत पाचशेच्या चौदा नोटा होत्या. सात हजार. सोबत हॉटेलच्या सुपरवायझरने लिहिलेली एक चिठ्ठी, बहुतेक चुकून राहून गेलेली. चोवीस गुणिले नऊ, दोनशे सोळा फूट. वजा आभाळ, रिकामी जागा, बहात्तर फूट. वजा खिडकी, बारा फूट. राहिले एकशे बत्तीस. रंगाऱ्याचा दर फुटाला पन्नास. सहा हजार सहाशे. वर चारशे बक्षीस.

रिकामी जागा! सहा दिवस मान मोडून काढलेलं आभाळ म्हणजे रिकामी जागा! अरे, शेतात विहिरीचं तोंड मोकळं दिसतं म्हणून कुणी विहीर खणणाऱ्याला पैसे द्यायचा थांबतो का? रंगाचे अकरा हजार गेले होते. म्हणजे बापलेकींनी महिनाभर राबून वर चार हजार स्वतःच भरले होते, आणि बदल्यात नारळ मिळाला होता.

नौशीनने चिठ्ठी वाचली, घडी करून बापाच्या हातात दिली. ना रडली, ना ओरडली. एवढंच म्हणाली, "अब्बा, उद्या मी शाळेत जाऊन सही करून येते."

हनीफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंमत अशी, की त्याला राग हितेंद्रचा कमी आणि स्वतःच्या जिभेचा जास्त आला. लुटणाऱ्याला काय म्हणायचं? दार यानेच उघडून दिलं होतं. आणि त्या दारातून आता पोरगी निघून चालली होती.

त्याने शाल काढून नौशीनच्या हातात दिली. पेटीतून काळा रंग आणि सहा नंबरचा ब्रश काढला, शिडी उचलली आणि भर मांडवातून नेऊन भिंतीला लावली. भिंतीसमोरच पंगत बसली होती. लोकांना वाटलं, काहीतरी राहिलं असेल. हितेंद्रनेही लांबून हात केला, "करा काका, करा!" हनीफ वर चढला आणि आभाळात लिहायला लागला.

त्याचं अक्षर बघावं तर असं. खडूची रेघ न मारता, एका वजनाचं, एका उंचीचं. जेवणारे लोक घास हातात धरून एकेक अक्षर वाचायला लागले. पहिली ओळ: 'चित्र : हनीफ व नौशीन, धुळे.' हितेंद्रने मान डोलावली. दुसरी ओळ: 'या चित्राचा भाव : ८४,००० रुपये.' मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "शेठने खर्च केला बरं का!" हितेंद्रची छाती फुगली. मग तिसरी ओळ आली. 'मिळाले : ७,००० रुपये. आभाळ वजा करून.'

"काका! उतरा खाली! हे काय लावलंय? पाहुणे बसलेत!" हितेंद्र धावत आला. "पुसा आधी ते!"

हनीफ शिडीवरूनच बोलला. "शेठ, हे आभाळ तुम्ही मोजलेलं नाही. तुमच्याच चिठ्ठीत आहे. बहात्तर फूट तुम्ही घेतलेच नाहीत. म्हणजे ते माझे. माझ्या जागेत मी लिहितोय."

"भिंत माझी आहे!"

"भिंत तुमची. तिला चुना होता, तो तुमचा. आभाळ माझं."

पंगतीतून एक जण हसत ओरडला, "पेंटरभाऊ, अक्षरांचे किती लावणार?"

"अक्षरं फुकट!" हनीफ म्हणाला. "आजपासून अक्षरं फुकट. आणि पुसायची असतील तर सत्त्याहत्तर हजार."

आता मात्र लोकांनी मोबाईल काढले. फोटो काढा असं पाटीवर लिहिलेलंच होतं. हितेंद्रने पोऱ्याला पुकारलं, बादली मागवली. तेवढ्यात पंगतीच्या टोकाला बसलेली धुरपदाबाई उठली आणि हळूहळू चालत भिंतीपाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने शेजारच्या पोरीकडून तिन्ही ओळी वाचून घेतल्या, नीट ऐकल्या, मग पोराकडे वळली.

"लिखेल खोटं शे का?"

हितेंद्र बादली येते का बघायला लागला.

"खोटं नही ना? मंग पुसस काबर? मांडास्ना पैसा लोके बुडावतीन तवय तू भूका झोपेल शे. इसरी गया?" तिचा आवाज चढला. "पैसा दे त्याना. बठ्ठा दे."

मांड्यांचे पैसे बुडाले की पोरगं उपाशी झोपायचं, हे त्या आईने सगळ्या गावासमोर पोराच्या तोंडावर मारलं, आणि वर सगळे पैसे दे म्हणून बजावलं. बादली घेऊन आलेला पोऱ्या तिथेच थबकला.

तुम्हाला वाटेल, आता हितेंद्र रडला, पाया पडला, सगळे पैसे दिले. तसलं काही होत नसतं. त्याने दात-ओठ खात मोबाईल काढला आणि नौशीनच्या खात्यावर चाळीस हजार पाठवले. बाकीचे नंतर बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, हनीफ शिडी घेऊन पुन्हा फाट्यावर हजर. शाळेत सहीला जाण्याआधी नौशीन खाली शिडी धरून उभी. हॉटेलचा मॅनेजर धावत आला, "चाचा, आता काय लिहिताय?"

"काही नवीन नाही. आकडा दुरुस्त करतोय," हनीफ म्हणाला. "खोटं लिहिलेलं आपल्याला चालत नाही." त्याने सातावर आभाळाचा रंग लावला, तो सुकू दिला आणि त्या जागी सत्तेचाळीस घातले. 'आभाळ वजा करून' मात्र तसंच ठेवलं.

तो वरच असताना एक माणूस येऊन उभा राहिला. दोंडाईच्याला त्याचा मुलांचा दवाखाना होता, कालचा फोटो त्याच्या मोबाईलवर आला होता. त्याने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या, चित्रातले हात बघितले आणि मान वर करून विचारलं, "माझ्या दवाखान्याची भिंत याहून थोडी मोठी आहे. किती घ्याल?"

हनीफने खाली नौशीनकडे पाहिलं. ती शिडीकडे बघत होती. "एक लाख दहा हजार," तो म्हणाला. "निम्मे आधी."

माणूस गप्प झाला. हनीफची जीभ वळवळली. चाळीस वर्षांची सवय ती, एका दिवसात कुठे जाते? शब्द दातांपर्यंत आले. तेव्हा त्याने ब्रश उचलला आणि त्याचा दांडा आडवा दातात धरला, घट्ट.

"काही कमी?" माणसाने विचारलं.

हनीफने दातात ब्रश तसाच ठेवून मान हलवली. नाही.

माणूस अजून थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिला. मग नौशीनला म्हणाला, "अॅडव्हान्स कुठल्या नंबरवर पाठवू?"

तिने नंबर सांगितला. हनीफ खाली उतरला, ब्रश दातातून काढला आणि पुसायला चिंधी मागितली. चिंधी घरीच राहिली होती. नौशीनने पर्समधून शाळेच्या कराराचा बिनसहीचा कागद काढला आणि बापाच्या हातात दिला.